पगारपत्रकातली सवय

साशंक : ताई, बचतीच्या सभेला गेलं की 'थेंबे थेंबे तळे साचे' ऐकायला मिळतंच. थेंब कुठून यायचे, हे मात्र तिथे कुणी विचारत नाही. इथे नाशिकच्या सातपूरमध्ये, श्रमिकनगरात एका खोलीत तिघांबरोबर राहणारा, ठेकेदाराकडे कामाला लागलेला एक पोरगा घ्या. समजा महिन्याला १४ हजार हातात येतात. खोलीचा वाटा, मेस, पेट्रोल, मोबाइल, गावी आईला पाठवायचे पैसे, हे सगळं जाऊन ५०० उरतात. ते त्याने ३० वर्षं न चुकता ८ टक्क्यांनी ठेवले, तर साधारण साडेसात लाख होतात. आता महागाई ६ टक्के धरा. त्या साडेसात लाखांची आजच्या भावाने किंमत होते १ लाख ३० हजार. तीस वर्षं मन मारून राहायचं आणि हाती काय, तर आजची एक मोटारसायकल. बचत करू नये असं मी म्हणत नाही. पण चांगल्या सवयींनी माणूस श्रीमंत होतो, हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते मला पटत नाही. त्यात गरिबाला गुपचूप एक दोष चिकटवलेला असतो : तुझ्याकडे पैसा नाही, कारण तुला शिस्त नाही.

आग्रही : भाऊ, तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो ५०० रुपयांवर ३० वर्षं थांबलाय. पगार वाढतो, भाडं वाढतं, चहा वाढतो आणि हप्ता तेवढा तिथेच राहतो, असं का धरायचं? तोच हप्ता दर वर्षी १० टक्क्यांनी वाढवला, म्हणजे पहिल्या वर्षी ५००, दुसऱ्या वर्षी ५५०, असा, तर त्याच ८ टक्क्यांनी ३० वर्षांत जवळपास २४ लाख होतात. आजच्या भावाने चार लाखांच्या पुढे. तुमच्या मोटारसायकलच्या तिप्पट. करोडपती होशील असं मी कुणालाही सांगत नाही आणि जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा, हेही सांगते.

पण ३० वर्षांचं राहू द्या. मी पोस्टाच्या आरडीचं काम करते, मला पाच वर्षांचं दिसतं. महिन्याला १,००० भरले तर ६० हजार जमा होतात आणि ६.७ टक्के दराने मुदतीला ७१ हजार साडेतीनशेच्या आसपास हातात येतात. अशोकनगरातल्या बायका घडी पडलेलं कार्ड पुढे करतात, मी त्यावर तारीख घालते, रक्कम लिहिते, सही करते. आधीचे रकाने भरलेले दिसतात ना, त्यात सगळं आलं. चाळीस रकाने भरलेली बाई एकेचाळिसावा सहसा चुकवत नाही. हप्ता चुकला तर दंड शंभराला एक रुपया, तो काही मोठा नाही. तिला मोकळा रकाना बघवत नाही. तुम्ही ज्याला उपदेश म्हणता ते प्रत्यक्षात एवढंच असतं. आणि ते ७१ हजार जेव्हा हातात येतात, तेव्हा त्यातून खोलीचं डिपॉझिट भरलं जातं, पोरीची डिप्लोमाची फी भरली जाते, सावकाराच्या दारात जावं लागत नाही. महिना पाच-दहा टक्क्यांनी उचललेले पैसे ज्याने फेडलेत, त्याला विचारा या रकमेची किंमत.

साशंक : तुम्हाला त्या हप्त्यांवर चार टक्के कमिशन मिळतं, हे मी वाईट अर्थाने म्हणत नाही. उलट माझा मुद्दा त्यातूनच सुरू होतो. ती बाई हप्ता भरते, कारण तुम्ही दारात जाता. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, पगार संपायच्या आत. म्हणजे सवय एकट्या तिची नाही. तिच्यामागे एक व्यवस्था उभी आहे आणि तिचा खर्च सरकार देतं.

आता सातपूरचंच बघू. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि इथे जमिनी घेऊन कारखाने आले. मायको, जिला आज बॉश म्हणतात, महिंद्रा, सिएट, आणि त्यांच्या भोवती शेकडो लहान युनिटं. निफाड, सिन्नर, दिंडोरी, कळवण, पार खानदेशापर्यंतची पोरं इथे आली. त्यांच्यातले जे परमनंट झाले, त्यांनी म्हाडाचं नाहीतर सिडकोचं घर हप्त्यावर घेतलं, पोरं इंजिनिअर केली, निवृत्त होताना गंगापूर रोडला फ्लॅट बुक केला. आज लग्नकार्यात आपण त्यांचं कौतुक करतो : बघा, काटकसरीने किती केलं! पण त्यांचं जुनं पगारपत्रक कधी बघितलंय का? डावीकडे बेसिक, डीए, घरभाडे भत्ता, ओटी. उजवीकडे कपात : पीएफ, एलआयसीचा पगारातून जाणारा हप्ता, कामगार पतसंस्थेची वर्गणी, पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता, युनियनची वर्गणी. हे सगळं जाऊन खाली उरेल तो पगार. दिवाळीला बोनस, दर तीन-चार वर्षांनी पगारवाढीचा करार आणि कराराचा फरक. शिवाय १९८९-९० पासून १९९९-२००० पर्यंत पीएफवर दर वर्षी १२ टक्के व्याज होतं. सहा वर्षांत पैसा दुप्पट, कसलीही जोखीम नाही. तेवढाच पैसा कामगाराचा आणि तेवढाच मालकाचा. त्या माणसाला कुणी प्रेरणा दिली नव्हती. महिन्याला त्याला काही ठरवावंही लागत नव्हतं. पैसा हातात यायच्या आधीच बाजूला पडत होता. त्याची सवय त्याच्या पगारपत्रकात होती, ताई. आणि आता पगारपत्रकच राहिलेलं नाही. ठेकेदार बदलला की नवा कागद, मधे ब्रेक, जुन्या नोकरीचा पीएफ अडकलेला. अशा पोराला तुम्ही सांगता, सवय लाव.

आग्रही : हे तुम्ही फार नेमकं बोललात, आणि यातलं निम्मं मी आजपासून माझ्या बोलण्यात घेणार आहे. पण उरलेल्या निम्म्यावर माझं म्हणणं ऐका. एकाच कंपनीत, एकाच लाइनवर, एकाच दिवशी परमनंट झालेले दोघे घ्या. पगारपत्रक अक्षरशः सारखं. एकाने पीएफमधून तीनदा उचल घेतली. एकदा लग्नात मानपानाला, एकदा गाडीला, एकदा भावाच्या धंद्याला. दुसऱ्याने फक्त घरासाठी घेतली. निवृत्तीच्या दिवशी दोघांच्या चेकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. कपात सारखीच होती. मग हा फरक आला कुठून? ठेवलेल्याला हात न लावणं हीसुद्धा सवय आहे, आणि ती कुठल्याही पगारपत्रकात छापून येत नाही.

आणि आधी कपात, मग खर्च, हेच जर इंगित असेल, तर ते कंपनीने करायची वाट कशाला बघायची? आज बँकेला एकदा सांगून ठेवलं की आठ तारखेला पैसे आपोआप आरडीत, पीपीएफमध्ये नाहीतर म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत जातात. १९९८ साली अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्झी या दोन अर्थतज्ज्ञांनी कामगारांना एकच गोष्ट विचारली : आज काही कापत नाही, पण पुढची पगारवाढ झाली की त्यातला काही भाग बचतीत टाकायला आत्ताच होकार देता का? ज्यांनी हो म्हटलं त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारा पगार मात्र कमी झाला नाही. आता आपल्याकडे बघा. करार झाला की फरकाची रक्कम एकदम हातात येते आणि दोन महिन्यांत दुकानांच्या रांगेत जिरते. करार व्हायच्या आधीच 'अर्धा फरक बाजूला' असं घरात ठरवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. तिथे फरक दिसतो, आणि कुठल्याही मालकाने तो करून दिलेला नाही.

साशंक : थेलरचं उदाहरण माझ्याच बाजूने उभं राहतं. तिथे कपात कंपनीच करत होती. कामगाराने एकदा मान डोलावली, पुढचं सगळं पगार विभागाने केलं. आणि एक अट होती, ती तुम्ही सहज बोलून गेलात : पुढची पगारवाढ. वाढ होणारच, हे तिथे गृहीत होतं. ज्याला दर सात-आठ महिन्यांनी ब्रेक मिळतो आणि नव्या ठेकेदाराकडे पुन्हा पहिल्या दरावर जावं लागतं, त्याच्या हप्त्यात दर वर्षी १० टक्के कुठून वाढवणार?

तुमची आठ तारीखही घ्या. पगार दहाला झाला तर आठचा हप्ता बाउन्स होतो, बँक दंड कापते. पाचशेच्या बचतीसाठी निघालेला माणूस दंड भरून परततो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. ज्याचा पगार वेळेवर होतो, त्यालाच आपोआप जाणारे हप्ते परवडतात. आणि तंगी डोक्यावरही परिणाम करते. २०१३ साली तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, काही कोडी सोडवायला दिली आणि पट्टी जमा झाल्यावर पुन्हा दिली. पैसे आल्यावर तीच माणसं कितीतरी चांगली सोडवत होती. माणूस तोच, बुद्धी तीच. टंचाईत डोकं टंचाईतच गुंतून राहतं. आपण म्हणतो गरीब माणूस पुढचा विचार करत नाही. त्याची विचार करायची ताकद आजचा दिवस ढकलण्यात खर्च होते, हे आपण बघत नाही.

आणि प्रेरणेबद्दल मला खरी भीती वेगळीच आहे. २०१४ साली नाशिकमध्ये केबीसी नावाच्या गुंतवणूक स्कीमचं फसवणुकीचं प्रकरण फुटलं, २०१६ साली तसंच मैत्रेयचं. कितीतरी पट परताव्याची स्वप्नं दाखवणारे मेळावे भरत होते, टाळ्या वाजत होत्या, 'मी केलं, तुम्हीही करू शकता' असं सांगणारी माणसं व्यासपीठावर होती. भाषा जवळजवळ तीच, ताई. सातत्य, विश्वास, मोठं स्वप्न. आज तेच मोबाइलवर आलंय. सेबीनेच सांगितलंय की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले, सरासरी माणशी दोन लाख. त्यातल्या प्रत्येकाला कुणीतरी प्रेरणा दिलेलीच होती.

आग्रही : याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. मला 'लोभ नडला' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते खरं नाही. त्या स्कीममध्ये जे अडकले त्यांच्यातले कितीतरी जण शिस्तीचे होते. महिन्याच्या महिन्याला हप्ता भरणारे, पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवणारे. त्यांचं बाजूला ठेवणं चुकलं नव्हतं. ठेवायची जागा चुकली. आणि जागा दाखवणारा मावसभाऊ असतो, शेजारीण असते, कधी कंपनीतला सुपरवायझर असतो. नाही म्हणायची सोय नसते.

इथे मला भिशी आठवते. अशोकनगरात, सातपूर कॉलनीत अजून भिश्या चालतात. वीस जणी, प्रत्येकी दोन हजार, पगार झाल्यावरच्या रविवारी. डब्यात चिठ्ठ्या, वहीत नावं, जिची चिठ्ठी निघाली ती चाळीस हजार घेऊन जाते आणि पुढचे सगळे महिने न चुकता भरते. एक रुपया व्याज नाही. लिलाव भिशी असेल तर जिला नड आहे ती कमी घेऊन आधी उचलते आणि सोडलेला पैसा बाकीच्यांना वाटला जातो. ती टिकते, कारण भरणाऱ्या सगळ्या एकमेकींच्या घरात जाऊन-येऊन असतात आणि पैसा दिवसभरही कुणा एकीच्या हातात राहत नाही. स्कीमवाल्यांनी भिशीतला विश्वास तेवढा उचलला आणि पैसा मात्र एका माणसाच्या खात्यात नेला. आता २०१९ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवर बंदी आहे. पण कायदा पोहोचतो तेव्हा पैसा गेलेला असतो. म्हणून बाजूला ठेवण्याइतकीच 'हे नोंदलेलं कुठे आहे?' असं नातेवाइकालाही तोंडावर विचारायची सवय लागली पाहिजे. ती पहिलीपेक्षा अवघड आहे. माझ्याकडच्या बायकांना मी ती कमी शिकवली आहे, रकाने भरायला जास्त.

साशंक : मला भिशीबद्दल आदर आहे. पण ती एका गोष्टीपुढे हतबल होते : आजारपण. या वस्तीतल्या घराची दहा वर्षांची बचत खर्चिकपणाने क्वचित बुडते, दवाखान्याने हमखास बुडते. त्र्यंबक रोडवर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, रुग्णालय आहे. पगाराच्या पाऊण टक्का कामगाराचा, सव्वातीन टक्के मालकाचे, आणि अख्ख्या कुटुंबाला कवच. तिथल्या रांगांबद्दल, औषधांबद्दल लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. तरी ते कवच आहे. पण पगार २१ हजारांच्या वर गेला की काही महिन्यांत ते निघून जातं. पगारवाढीचे पेढे वाटलेला माणूस त्याच वर्षी खासगी दवाखान्याचं बिल भरायला तुमची आरडी मुदतीआधी मोडायला येतो. आणि तीन वर्षं झाल्याशिवाय ती मोडताही येत नाही.

आग्रही : जमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, बारा हप्ते भरलेले असले की.

साशंक : मिळतं, मान्य. पण माझा मुद्दा क्रमाचा आहे. आधी आरोग्याचं कवच, मग दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी, मग संपत्तीच्या गोष्टी. आणि कवच एकट्याच्या सवयीने मिळत नाही, ते हक्क म्हणून मिळतं.

आग्रही : क्रम मला मान्य आहे. पण तेवीस वर्षांच्या पोराला मी काय सांगू? हक्क मिळेपर्यंत थांब? त्याच्याकडे पैसा नाही, ओळख नाही, परमनंटची ऑर्डर नाही. एकच गोष्ट आहे त्याच्याकडे, पुढची पस्तीस वर्षं. दहा वर्षं वाट बघण्यात गेली, तर तुमचे हक्क मिळाल्यावरही ती परत येणार नाहीत. तुम्ही व्यवस्थेबद्दल जे बोलता ते खरं आहे, पण त्या पोराच्या कानावर ते 'तुझ्या हातात काही नाही' असं पडतं. आणि हे ऐकलेला पोरगा पगाराच्या संध्याकाळी काय करतो, तेही मी पाहते. पाचशे का होईना, पण मी ठरवलं आणि झालं, हा अनुभव ज्याला एकदा आला, तो पुढे पुष्कळ काही ठरवू शकतो. हे मला कुठल्या अभ्यासातून कळलेलं नाही, कार्ड भरणाऱ्यांच्या घरात बघितलेलं आहे.

साशंक : मी त्याला हात बांधून बस म्हणत नाही. पाचशेकडे बघताना त्याच्या हातून अठराशे निसटतायत, ते त्याला दाखवा एवढंच म्हणतो. १५ हजार पगारावर मालकाचा पीएफचा वाटा १,८०० रुपये. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत, ५५० पीएफ खात्यात. त्याचे स्वतःचे १,८०० वेगळे. ठेकेदाराने हे भरलंच नाही, नाहीतर कपात करून पुढे पाठवलंच नाही, तर त्या पाचशेच्या साडेतीन पट रक्कम दरमहा मालकाच्याच वाट्यातून बुडते. हे मागायला एकट्याने गेला तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. दहा जण मिळून गेले तर निदान उत्तर द्यावं लागतं. सातपूरमध्ये ज्यांनी घरं बांधली त्यांची सर्वांत मोठी आर्थिक सवय मला हीच वाटते : ते एकत्र बसून मागत होते. करार त्यातून झाले, फरक त्यातून मिळाला. बचतीवर बोलणाऱ्या एकाही सभेत मी ही सवय यादीत पाहिली नाही.

आग्रही : माझ्या यादीत ती आजपासून आहे, पण माझ्या पद्धतीने. दहा जण गोळा होईपर्यंत पोराला कळायला तर हवं की काही बुडतंय. हप्ता भरायच्या दिवशीच त्याने पीएफचा यूएएन क्रमांक टाकून पासबुक मोबाइलवर उघडावं. मागच्या महिन्याची नोंद आहे का, रक्कम पगारपत्रकातल्या कपातीशी जुळते का, एवढंच बघावं. पाच मिनिटांचं काम. हेही रकाना भरण्यासारखंच आहे. नोंद नसेल तर पगारपत्रकाचा फोटो काढून ठेवायचा. तीन महिन्यांचे तीन फोटो झाले की तुमचे दहा जण गोळा करायला पुरावा तयार असतो.

साशंक : आणि ज्याला पगारपत्रकच मिळत नाही, पगार पाकिटात मिळतो, तो कशाचा फोटो काढणार? तुमची सवय जिथे संपते तिथून माझी सुरू होते.

आग्रही : तुमचीही कुठेतरी संपते, भाऊ. पीएफ मिळाला आणि तीनदा उचलून संपवला, तर तुमचा मोर्चा त्याच्या म्हातारपणाला पुरत नाही. तिथून पुढे पुन्हा माझं काम आहे.

साशंक : असेल. मग दोघांनीही त्या पोराला एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्याला कुणीच सांगितलेली नसते. कामगार ठेकेदाराचा असला तरी त्याचा पीएफ भरला जाईल हे पाहायची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर आहे. ठेकेदार पळाला तरी कंपनीला हात झटकता येत नाहीत. पुढच्या पगाराला पासबुक उघडल्यावर रकाना मोकळा दिसला, तर त्याने ठेकेदाराच्या दारात थांबू नये, आतल्या गेटवर विचारावं.